पहिलं पिस्तूल: मुलुंडच्या ताईंना उत्तर

मुलुंडहून आलेलं पत्र थोडक्यात असं:

"नमस्कार मॅडम. मी 38 वर्षांची, एका शाळेच्या ऑफिसात काम करते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरला पदक मिळालं तेव्हा मुलाबरोबर टीव्हीसमोर बसले होते, तेव्हापासून मनात होतं. गेले चार महिने दर रविवारी दादरला एका क्लबात एअर पिस्तूल शिकतेय. 60 छर्‍यांत माझा सगळ्यात चांगला स्कोअर 488. क्लबाची पिस्तुलं दोन आणि शिकणारे चौदा, त्यामुळे आता स्वतःचं घ्यावं म्हणते. भिशीचे आणि बाजूला टाकलेले मिळून 1,20,000 रुपये आहेत. यजमान म्हणतात, ऑनलाइन 7,000 रुपयांत एअर पिस्तूल मिळतं, आधी ते घे. त्या तुर्की माणसाने खिशात हात घालून, काहीही न लावता पदक नेलंच ना! क्लबातले एक काका त्यांचं ऑस्ट्रियन पिस्तूल 85,000 ला द्यायला तयार आहेत, नऊ वर्षं वापरलेलं. कराडचा भाऊ म्हणतो, एवढे पैसे घालतेसच तर परवाना काढ आणि .32 रिव्हॉल्व्हर घे, खेळही होईल आणि घरालाही आधार. सासूबाईंना घरात यातलं काहीच नकोय, मुलगा अकरा वर्षांचा आहे. माझा हात लहान आहे आणि नेम धरला की फार थरथरतो. सर म्हणाले, तुझा डावा डोळा जोरात आहे. मी मारते मात्र उजव्या हाताने. काय करू?"

ताई, तीन पिस्तुलांबद्दल तुम्ही पानभर लिहिलंत आणि हाताबद्दल शेवटी दोन ओळी. मी त्या दोन ओळींपासूनच सुरुवात करते. पिस्तूल कोणतं, ते तिथेच ठरणार आहे.

हात थरथरतो म्हणून घाबरू नका. सगळ्यांचा थरथरतो. एक किलोच्या आसपासचं वजन एका हातात, कोपर न वाकवता समोर धरायचं म्हटल्यावर हात हलणारच. आता थोडा हिशोब पाहा. टार्गेट 10 मीटरवर, म्हणजे लोकलच्या डब्याच्या साधारण निम्म्या लांबीवर. दहा गुणांच्या मधल्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलीमीटर, रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्मा. तुमचा अख्खा हात पिस्तुलासकट एक मिलीमीटर उजवीकडे सरकला, पण फोरसाइट (नळीच्या टोकाची माशी) आणि बॅकसाइट (मागची खाच) एका रेषेत राहिल्या, तर छर्रा टार्गेटवरही एकच मिलीमीटर सरकतो. दहा तो दहाच. पण हात जागच्या जागी राहिला आणि मनगट जरासं वळून फोरसाइट बॅकसाइटच्या खाचेत एक मिलीमीटर बाजूला गेली, तर काय होतं? दोन्ही साइटमधलं अंतर साधारण 33 सेंटीमीटर असतं. त्या एक मिलीमीटरचे 10 मीटरवर तीस मिलीमीटर होतात. दहाच्या जागी सात.

म्हणजे तुमचे गुण थरथरीत जात नाहीत. मनगट वळतं आणि ट्रिगर दाबताना बोट पिस्तुलाला ढकलतं, तिथे जातात. मनगट का वळतं? बर्‍याचदा पिस्तुलाची लाकडी मूठ, म्हणजे ग्रिप, हाताला बसलेली नसते म्हणून. क्लबाची पिस्तुलं चौदा जणांच्या हातांतून जातात, त्यांच्या ग्रिप बहुतेक वेळा मध्यम किंवा मोठ्या मापाच्या, आणि तुम्ही लिहिलंय की तुमचा हात लहान आहे. चार महिन्यांत, आठवड्यातून एकदा, परक्या ग्रिपवर 488 म्हणजे दहापैकी सरासरी आठच्या वर. हा चांगला स्कोअर आहे, ताई. हे मी धीर द्यायचा म्हणून लिहीत नाही.

ग्रिप बसते की नाही हे पाहायची एक साधी रीत आहे. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून घ्या, रेंजवर आपल्या लेनमध्ये टार्गेटकडे तोंड करून उभ्या राहा, हातात नीट घ्या आणि डोळे मिटा. मिटल्या डोळ्यांनी हात नेहमीसारखा वर न्या, मग डोळे उघडा. फोरसाइट बॅकसाइटच्या खाचेत मधोमध आणि वरच्या कडेला समतल दिसली, तर ग्रिप तुमची. दर वेळी डावीकडेच किंवा उजवीकडेच झुकलेली दिसली, तर ती मूठ तुमच्या हाताला वळवतेय आणि तुम्ही दर छर्‍याला मनगटाने ती चूक निस्तरताय. पहिल्या दहा छर्‍यांत हे जमून जातं. पन्नासाव्या छर्‍याला मनगट थकतं, मग जमत नाही. तुमच्या शेवटच्या वीस छर्‍यांचे आकडे काढून पाहा. तिथेच स्कोअर घसरत असेल तर मी म्हणते तेच होतंय.

दुसरं, तर्जनी. ग्रिप धरल्यावर ट्रिगरवरचं बोट लाकडाला कुठेही घासता कामा नये. बोट आणि लाकूड यांच्यात थोडी फट दिसली पाहिजे आणि बोटाच्या पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर सरळ मागे यायला हवा. मूठ मोठी असेल तर बोट पोचत नाही, मग माणूस तळहात फिरवून बोट पोचवतो, आणि तिथून सगळं बिघडत जातं.

हे मला इतकं ठाऊक आहे कारण मी दीड वर्ष असंच मारलं. माझं पहिलं पिस्तूल जुनं होतं, एका उंचपुर्‍या माणसाचं. किंमत बरी होती, नळी उत्तम होती, कंपनी नावाजलेली होती. ग्रिप मोठी आहे हे पहिल्या दिवशी कळलं होतं, पण हात सवयीने बसेल असं मला सांगितलं गेलं आणि मी मानलं. हात बसला नाही, मनगट दुखायला लागलं. तीन महिने पिस्तूल कपाटात राहिलं आणि मी डॉक्टरांकडे. शेवटी एका जुन्या नेमबाजाने ती ग्रिप माझ्या हातातून काढून घेतली, माझ्या हाताची मापं घेतली, कानसने अंगठ्याखालचा भाग उतरवला, तळहाताच्या पोकळीत पुट्टी भरली आणि तळाची फळी वर सरकवून स्क्रू आवळला. तासाभराचं काम. पुढच्या रविवारी मी वीस गुणांनी वर होते. ते दीड वर्ष मला परत मिळालेलं नाही. तुमचं तसं जाऊ नये म्हणून हे सगळं लिहितेय.

पण ग्रिपच्याही आधी तुमच्या डाव्या डोळ्याचा निकाल लावायला हवा, कारण ग्रिप उजवी किंवा डावी अशीच येते. उजव्या हाताची घेतली आणि तीन महिन्यांनी सरांनी हात बदलायला सांगितलं तर पैसे पाण्यात. आधी खात्री करा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटा त्रिकोण करा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ दोन्ही डोळ्यांनी पाहा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ त्रिकोणात राहतं तो तुमचा जोरातला डोळा, नेम धरताना मेंदू त्याचंच ऐकतो. तो खरंच डावा निघाला तर तीन वाटा आहेत: हात बदलायचा, मान थोडी वळवून डाव्या डोळ्याने नेम धरायचा, किंवा डाव्या डोळ्यासमोर पट्टी लावून उजव्याला काम द्यायचं. पट्टीला नियमांत परवानगी आहे, रुंदी 30 मिलीमीटरपर्यंत. रायफलीत हा प्रश्न अवघड होतो, कारण गाल लाकडाला टेकलेला असतो. पिस्तूल डोळ्यापासून हातभर लांब धरलेलं असतं, त्यामुळे मोकळीक आहे. तुमचा उजवा हात लिहिण्या-कापण्याला सरावलेला आहे, चार महिने त्यानेच शिकलात, म्हणून मी आधी पट्टी लावून पाहीन. चार रविवार द्या. मागे पुठ्ठा नको, अर्धपारदर्शक पट्टी हवी. एक डोळा अंधारात गेला की दुसराही ताणतो. चष्मा असेल तर चष्मेवाल्याला सांगा की मला टार्गेट नाही, हातभर अंतरावरची फोरसाइट ठसठशीत दिसायला हवी. काळं वर्तुळ थोडं धूसर दिसलं तरी चालतं, किंबहुना तसंच दिसायला हवं.

आता तुमचे तीन पर्याय.

यजमानांचं म्हणणं काळजीपोटी आहे. पैसे फुकट जाऊ नयेत असंच त्यांना वाटतंय. पण त्या तुर्की नेमबाजाबद्दल त्यांना एवढं सांगा. युसुफ डिकेच पॅरिसला 51 वर्षांचे होते आणि ते त्यांचं पाचवं ऑलिंपिक होतं. त्यांनी खास भिंगं लावली नव्हती, डोळ्यावर पट्टी नव्हती, हे खरं. हातातलं पिस्तूल मात्र स्पर्धेचंच होतं. त्यांच्यासारखं साधं उभं राहायला ते पिस्तूल आणि मागची सगळी वर्षं लागतात.

7,000 रुपयांत जे मिळतं ते बहुतेक स्प्रिंगचं किंवा कार्बन डायऑक्साइडच्या कुपीवर चालणारं खेळण्याच्या जातीचं पिस्तूल असतं. स्प्रिंगच्या पिस्तुलात छर्रा नळीतून सुटायच्या आत आतला जड दट्ट्या पुढे धावून आपटतो, त्यामुळे नेम बरोबर असला तरी छर्रा भलतीकडे जातो आणि चूक तुमची की पिस्तुलाची हे कळत नाही. शिकणार्‍याला याहून वाईट काही नाही. ट्रिगरही जड आणि खरखरीत असतो. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा असावा असा नियम आहे आणि नेमबाज तो 500 च्या किंचित वर ठेवतात. त्या स्वस्त पिस्तुलात बोटाला त्याच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. आठवड्यातले सहा दिवस घरी तो जड ट्रिगर ओढून सातव्या दिवशी क्लबात हलका ट्रिगर दाबायचा, तर हाताला दोन वेगवेगळ्या सवयी लागतात आणि वाईट सवय आधी लागते. शिवाय यातली कितीतरी पिस्तुलं दिसायला हुबेहूब खर्‍यासारखी असतात. गर्दीच्या लोकलमध्ये पिशवीतून असलं काही डोकावलं तर काय गोंधळ होईल, याचा विचार करा. यजमानांचे 7,000 वाचवा, त्यात छर्‍यांचे बरेच डबे येतील.

भावाच्या सल्ल्यावर मी जरा स्पष्ट लिहिणार आहे. रिव्हॉल्व्हर घेऊन खेळ होणार नाही. तुम्ही जी स्पर्धा शिकताय ती 4.5 मिलीमीटर छर्‍याच्या एअर पिस्तुलाची. पुढे मोठ्या अंतरावर जायचं म्हटलं तर महिलांसाठी 25 मीटरची स्पोर्ट्‌स पिस्तूल आहे, आणि ती .22 इंची काडतुसाच्या पिस्तुलाची. कराडच्या माणसाला कोल्हापूर काही लांब नाही. राही सरनोबतने 2018 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत याच 25 मीटर प्रकारात सुवर्ण जिंकलं, नेमबाजीत ते मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. भावाला हे नाव नक्की माहीत असेल. .32 चं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर या स्पर्धांत कुठेच बसत नाही.

परवान्याचंही पाहा. मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, चौकशी होते, शस्त्र का हवं याचं सबळ कारण द्यावं लागतं. परवाना मिळाला की नूतनीकरण, निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करायची वेळ येणं, काडतुसांची मोजदाद, हे सगळं मागे लागतं. जे खेळाडू .22 पर्यंत जातात ते एअर पिस्तुलात आधी स्वतःला सिद्ध करून, संघटनेच्या कागदपत्रांवर जातात. तुम्हाला आज त्याची गरज नाही. आणि घराचा आधार म्हणाल, तर अकरा वर्षांच्या मुलाच्या घरात भरलेलं रिव्हॉल्व्हर हा आधार नाही, ताई. ते खरोखर उपयोगी पडायचं तर हाताशी हवं, आणि हाताशी असलं की मुलाच्याही हाताशी. कुलपात ठेवलं तर भावाने सांगितलेल्या कामाचं राहत नाही. यातून मधला मार्ग निघत नाही, मी खूप घरांत पाहिलंय. खेळ आणि संरक्षण या दोन गोष्टी एका पैशात मिटवायला जाऊ नका. भावाला माझ्या नावाने सांगितलंत तरी चालेल.

राहिलं काकांचं पिस्तूल. माझा कल त्याच्याकडे आहे, पण आज लगेच नाही आणि 85,000 लाही नाही.

स्पर्धेचं एअर पिस्तूल म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणारं. नळीखाली छोटं सिलिंडर असतं, त्यात 200 बार दाबापर्यंत हवा भरतात, दर छर्‍याला मोजून तेवढीच हवा सुटते, धक्का जवळपास नसतो. स्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाउ, वाल्थर, पार्डिनी अशी पाचसहा नावं रेंजवर कानावर पडतील आणि प्रत्येकाचे भक्त भेटतील. खरं सांगते, या सगळ्यांच्या नळ्या तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगल्या मारतात. यंत्रात पक्कं बसवलं तर एका भोकातून छर्रे जातात. त्यामुळे पहिल्या पिस्तुलासाठी कंपनीवरून वाद घालण्यात वेळ घालवू नका. जे तुमच्या हाताला बसतं, ज्याची ग्रिप छोट्या मापात मिळते आणि ज्याची रबरी वॉशरं बदलून देणारा माणूस मुंबईत किंवा पुण्यात आहे, ते तुमचं पिस्तूल. नऊ वर्षं म्हणजे अशा पिस्तुलाचं म्हातारपण नाही, नीट राखलं तर ते पंचवीस वर्षंही चालतं.

सिलिंडरचं मात्र तसं नाही, आणि इथेच काकांशी बोलायला जागा आहे. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. नियमानुसार त्याचं आयुष्य जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि मुदत संपलेली नाही हे पाहायची जबाबदारी खेळाडूची. पिस्तूल नऊ वर्षांचं आहे म्हणता, तर वर्षभरात ते सिलिंडर बाद. कदाचित आजच बाद असेल, कारण पिस्तूल दुकानात पडून राहिलं असेल तर सिलिंडर बिलापेक्षाही जुनं निघतं. नवं सिलिंडर स्वस्त नसतं. त्याची किंमत विचारून या आणि तेवढे पैसे काकांच्या किमतीतून वजा करायला सांगा. ग्रिप लहान मापाची बदलावी लागली तर तीही बोलण्यात घ्या. खरा नेमबाज असेल तर यात रागावणार नाही, उलट माणूस जाणकार आहे म्हणून बरं वाटेल त्याला.

बघायच्या बाकीच्या गोष्टी. सिलिंडर पूर्ण भरा, मीटरवरचा काटा कुठे आहे त्याचा फोटो काढा, पिस्तूल रात्रभर क्लबाच्या कपाटात ठेवा आणि दुसर्‍या दिवशी काटा पाहा. उतरला असेल तर कुठेतरी हवा गळतेय. वॉशर बदलून ते बरं होतं, फक्त खर्च कुणाचा ते आधी ठरवा. सरांना सांगून क्लबातलं 500 ग्रॅमचं वजन ट्रिगरला टांगून उचलून पाहा. वजन उचललं जाऊन ट्रिगर सुटला नाही तर ठीक. साइटचे स्क्रू दोन्ही बाजूंना टिकटिक करत फिरतात का, मध्ये कुठे पोकळ लागतं का, ते पाहा. मग हात टेकवून, एकाच डब्यातले दहा छर्रे मारा. भोकं एकमेकांत मिसळून एकच फाटकं भोक झालं पाहिजे. नळीला वेगवेगळे छर्रे मानवतात, म्हणून डबा बदलूनही एकदा मारा.

ट्रिगर यांत्रिक आहे की इलेक्ट्रॉनिक, हेही विचारा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर दाबायला फार गोड असतो, पण त्यात बॅटरी आणि सर्किट आलं, आणि बिघडलं तर क्लबातल्या क्लबात दुरुस्त होत नाही. 2021 मध्ये टोकियोला मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत मिनिटं गेली, उरलेले छर्रे घाईत मारावे लागले. 575 गुण, बारावा क्रमांक, अंतिम फेरी हुकली. तिच्या मागे तर प्रशिक्षक होते, सुटे भाग होते. पहिल्या पिस्तुलाला मी यांत्रिक ट्रिगरच सुचवते.

पैसे देण्याआधी काकांना एकच विनंती करा: चार रविवार मला यावर मारू द्या, हवा आणि छर्रे माझे. तेवढ्यात डोळ्याची पट्टीही ठरेल. चार रविवारांचे आकडे वहीत लिहा, क्लबाच्या पिस्तुलावरचे शेजारी लिहा. काका नाही म्हणाले तर दुसरं पिस्तूल शोधू. रेंजवर विकाऊ पिस्तुलं येत राहतात. मुलं रायफलकडे वळतात, कुणी शिक्षणासाठी परदेशी जातं, कुणी खेळ सोडतं. दादर, वरळी, पनवेल, पुण्याची बालेवाडी, जिथे स्पर्धा असेल तिथल्या फळ्यावर चिठ्ठ्या दिसतात.

परवान्याची चिंता करू नका. 0.177 इंच, म्हणजे 4.5 मिलीमीटरचं आणि 20 ज्यूलच्या आतलं एअर पिस्तूल 2016 च्या शस्त्र नियमांनुसार विनापरवाना ठेवता येतं, आणि स्पर्धेच्या पिस्तुलाची ऊर्जा पाच-सहा ज्यूलच्या आसपास असते. तरी काकांकडून मूळ बिल घ्या आणि पिस्तुलाचा क्रमांक घालून साध्या कागदावर विकल्याचं लिहून, दोघांच्या सह्या घ्या. त्याची आणि क्लबाच्या ओळखपत्राची प्रत पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा. स्टेशनवर बॅग तपासली तर पेटी उघडायच्या आधी कागद दाखवा आणि काय आहे ते स्वतःहून सांगा. पेटी कडक आणि कुलपाची हवी. मुलुंड ते दादर उभ्याने जायचं असेल तर रॅकवर टाकू नका, पायाशी धरा.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं मला मोडून काढायचं नाही, कारण घरात मूल आहे आणि त्यांची भीती खरी आहे. छर्‍यानेही डोळा जातो. त्यांना एकदा क्लबात घेऊन या. रविवारी सकाळी, शांतता असते तेव्हा. नळी कायम टार्गेटकडे, ट्रिगरवर बोट नेम धरल्यावरच, हुकूम झाला की सगळी पिस्तुलं रिकामी करून टेबलावर, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं तुम्ही करायचं: घरी छर्‍याचा एकही डबा आणायचा नाही. छर्रे क्लबाच्या कपाटात, पिस्तूल घरी कुलपात, किल्ली तुमच्या गळ्यात. मुलाला हात लावायचा असेल तर रेंजवर, सरांसमोर. गॅलरीत, गच्चीत, जिन्यात कधीच नाही, शेजार्‍यांनी कितीही आग्रहाने बघायला मागितलं तरी. अजून एक, छर्रे शिशाचे असतात. मारून झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही आणि घरी आल्यावर मुलाच्या तोंडाला हात लावायचा नाही.

घरी मग करायचं काय? तर ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे छर्रा न घालता सराव, आणि ती छर्‍यांपेक्षा जास्त शिकवते. स्पर्धेच्या पिस्तुलात हवा न सोडता ट्रिगर दाबायची सोय असते. दार बंद करून, रिकामं पिस्तूल दोनदा तपासून, कोर्‍या पांढर्‍या भिंतीसमोर उभं राहायचं. टार्गेट लावायचं नाही. फक्त फोरसाइट आणि बॅकसाइट पाहत ट्रिगर दाबायचा. दाबल्यावर फोरसाइट हलली का? हलली तर बोट कुठे चुकलं? रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. सहासात सेकंदांत ट्रिगर सुटला नाही तर हात खाली घ्या, दम घ्या, परत सुरू करा. हट्टाने धरून ठेवलेला छर्रा आठाच्या आत जात नाही. पिस्तूल येईपर्यंत पाण्याची बाटली धरा, आधी अर्ध्या लिटरची, महिन्याभराने एक लिटरची. खांदा वर न उचलता, एका वेळी दहा सेकंद. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दहा-बारा वेळा होतं. माझ्या कितीतरी विद्यार्थिनींनी स्वयंपाकघरात हेच केलंय.

आपल्या हवेचंही सांगून ठेवते. जून ते सप्टेंबर मुंबईत लोखंड रात्रीत लाल होतं. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, मारून आल्यावर घामाचा हात लागलेला प्रत्येक धातूचा भाग कोरड्या फडक्याने पुसा, फोम ओला लागला तर पंख्याखाली वाळवा. घरातलं शिवणयंत्राचं तेल पिस्तुलात घालू नका. सिलिंडरच्या तोंडाशी तर कुठलंच तेल नको. हवा फक्त क्लबात भरायची, कोरडी. ऑक्सिजन कधीच नाही, स्फोट होतो.

वयाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात सगळ्यात आधी तेच लिहिलंत, म्हणून दोन शब्द. या खेळात 38 हे उशिराचं वय नाही. राज्य संघटनेच्या स्पर्धेतून वर जायचा रस्ता तुमच्यासाठीही तोच आहे जो पंधरा वर्षांच्या मुलीसाठी. पुढे मावळंकर स्पर्धा येते, ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांच्या नावाची. 1951 मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच होते. पात्रतेचे गुण दर वर्षी सरांना विचारा. साठ छर्रे, 75 मिनिटं, एक हात. त्यासाठी तुमच्याकडे शांत डोकं आहे, हे पत्रावरून दिसतं.

1,20,000 पैकी पिस्तूल आणि सिलिंडर मिळून पंच्याऐंशीच्या आत बसवा. उरलेल्यात ग्रिप, पेटी, सपाट तळाचे बूट आणि वर्षभराचे छर्रे. बूट महागडे नकोत, पातळ सपाट तळ पुरे. आणि ग्रिप नवी आली तरी ती कापायला भिऊ नका. पेन्सिलीने जिथे टोचतं तिथे खूण करा, थोडंसं घासा, परत धरा, डोळे मिटून वर न्या. घाई नको; उतरवलेलं लाकूड परत येत नाही, भरलेली पुट्टी मात्र काढता येते.

येत्या रविवारी काकांच्या सिलिंडरवरची तारीख वाचून मला कळवा. सोबत पिस्तूल हातात धरलेला एक फोटो वरून आणि एक बाजूने काढून पाठवा, तर्जनी आणि लाकूड यांच्यातली फट दिसेल असा. किती घासायचं आणि कुठे, ते मी त्यावर खुणा करून परत पाठवते.